तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली भांडत नाही का हो?

लिफ्टमध्ये विचारतात, भाजीच्या गाडीवर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत विचारलं. "पूर्वीसारख्या भांडत नाही हो तुम्ही. वयामुळे, की काही केलंत?" विचारणाऱ्याला हायसं वाटलेलं दिसतं आणि थोडी हुरहूरही. फुकटची करमणूक बंद झाली ना.

भांडते की. पण मोटर जळली, तेव्हापासून जरा उशिरा सुरू करते.

डोंबिवलीतल्या आमच्या ५६ घरांच्या सोसायटीची मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते. बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणारं खत, दिलं नव्हतं. करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते करून द्यायचं, असं मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्याखालचा नियम सांगतो. आमची सोळा वर्षं उलटली होती. मी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला, जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डर देत नसला तरी ते मिळवण्याचा, अर्ज लावला आणि आदेश मिळवला. बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांनीच घात केला. आवाज चढवला की कामं होतात, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

खरं तर काम फाइलने केलं होतं. घरोघरचे करारनामे, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सातबारा, मंजूर नकाशे, आर्किटेक्टचा दाखला हे सगळं आमच्या खजिनदारांनी महिनोन्‌महिने जमवलं. सुनावणीत समोरच्या वकिलाने मला दोनदा डिवचलं. मी उठणार तेवढ्यात खजिनदार पुटपुटले, "बसा. त्याला तारीख हवीय." मी बसले. माझं बसणंही त्या विजयात होतं, हे मला फार उशिरा कळलं. सगळ्यांना सांगताना मी टेबलाचीच गोष्ट सांगत राहिले.

मग एका मे महिन्यात पाण्याची मोटर जळली. टँकर मागवले, रिवाइंडिंगला तीन दिवस गेले. मेकॅनिक म्हणाला, बेअरिंग गेलं होतं. मोटर जड फिरत राहिली, ट्रिप होऊन आपोआप बंद पडायला हवी होती ती पडली नाही आणि वाइंडिंग पेटलं. "आवाज नाही आला कुणाला? आठ दिवस तरी घरघरत असणार."

आला होता. वॉचमनकाकांना आला होता, तळमजल्याच्या दोन्ही घरांना आला होता, खजिनदारांनाही आला होता. फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना विचारलं तर खाली बघत म्हणाले, "बाई, मागल्या टायमाला दिवा गेला म्हनून सांगाया आलो, तर तुमी मलाच धा सवाल केले. म्हनलं, मेकॅनिक येईल तवा बघंल."

बिल्डरसाठी कमावलेला आवाज मी वॉचमनवर वापरत होते. नवऱ्यावर, मुलीवरही. मुलीची नोकरी सुटल्याचं मला दीड महिन्याने कळलं, नवऱ्याला पहिल्याच दिवशी. मी स्वतःला घरातली सगळ्यात खमकी समजत होते आणि सगळ्यात कमी माहिती माझ्याकडे होती.

(एक बोलूनच टाकते. याच स्वभावाचा पुरुष 'करारी' असतो, बाई 'भांडकुदळ'. त्यावर माझा राग अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.)

उपाय खूप जणांनी सुचवले. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेलाही जाऊन आले. तोंड बंद होतं. मनातल्या मनात शेजारी खाकरणाऱ्या बाईशी मात्र दहाही दिवस भांडले. दोष तिचा नाही, विपश्यनेचाही नाही.

मला उपयोगी पडली ती एक क्षुल्लक गोष्ट. मी 'का' हा शब्द मागे ठेवला. 'का केलंत?' म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. 'कधी झालं?' 'मग काय झालं?' म्हटलं की सांगायला लागतो. आधी सगळं ऐकायचं, मग भांडण लागतंय का ते बघायचं. बऱ्याचदा लागत नाही. लागलं तर करते, आणि पूर्वीपेक्षा बरं करते, कारण आता कागद हातात असतात. गेल्या वर्षी पार्किंगवरून केलं ते ज्यांना आठवतंय, ते हा प्रश्न विचारत नाहीत.

काकांची माफी मागायला मला दोन आठवडे लागले. आधी थालीपीठं पाठवली, मग लोणी पाठवलं, मग खाली जाऊन तोंडाने म्हटलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्यांना पटलंय असं काही वाटलं नाही. नंतर बरेच महिने ते मोजकंच बोलत.

परवा सकाळी पावणेसहाला बेल वाजली. काका दारात. "बाई, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर धक्का खातीय." बरं म्हटलं, फोन लावते. ते वळले, पुन्हा थांबले. "अन्‌ रविवारी तुमची गाडी गेटात आडवी व्हती. ॲम्ब्युलन्स आली असती तर? त्ये बी बरं न्हाई."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तोंडात 'कोण म्हणतं' आलंच होतं.

"किती वाजता होती?" मी विचारलं.