बोरेरेगची वाट: सासूबाईंच्या पणजीचा शोध

सासूबाई मेलबर्नच्या. त्यांची पणजी चार वर्षांची असताना, १८५२ साली, आईवडिलांबरोबर स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून जहाजाने ऑस्ट्रेलियात आली, एवढंच घरात माहीत होतं. यंदा मे महिन्यात आम्ही दोघी तिचं गाव शोधायला स्कॉटलंडला जाऊन आलो.

नुसतं तिचं मॅकडोनाल्ड आडनाव घेऊन स्कायला जाणं म्हणजे पाटलांचं घर विचारत कोल्हापुरात उतरणं. म्हणून तिकिटं काढण्याआधी घरचे दाखले काढा. व्हिक्टोरियातले (मेलबर्न याच राज्यात) जुने मृत्यूचे दाखले फार बोलके असतात. पणजीच्या दाखल्यात आईचं नाव मॅरियन आणि जन्मठिकाण 'स्ट्रॅथ, स्काय' असं होतं. स्ट्रॅथ हा तिथला पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग.

एडिंबरात प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउसमध्ये स्कॉटलंड्सपीपल सेंटर आहे, जुन्या नोंदी तिथे पाहता येतात. शुल्क भरून दिवसभर बसता येतं, जागा मात्र आधी राखून ठेवा. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. त्यांत बहुधा जन्माऐवजी बाप्तिस्मा लिहिलेला असतो, मृत्यूच्या नोंदी विरळ, आणि स्कायच्या बहुतेक वह्या १८०० नंतरच्याच. शिवाय १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि हायलँडमधली (उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली) असंख्य कुटुंबं नव्या फ्री चर्चमध्ये गेली. पणजीची नोंद आम्हाला मिळालीच नाही, तिच्या थोरल्या भावाची मिळाली. त्यामुळे भावंडंही शोधाच. स्कॉटिश नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव टिकून राहतं, त्या आडनावावरूनच घर ओळखलं.

मग जहाजाची यादी. हायलँड अँड आयलंड इमिग्रेशन सोसायटीने १८५२ ते १८५७ या काळात जवळपास ५,००० माणसं ऑस्ट्रेलियाला पाठवली. बटाट्याचं पीक कुजून उपासमार झालेली, जमिनीचा खंड थकलेला, आणि जमीनदारांना मेंढ्यांसाठी रानं मोकळी हवी होती. त्या यादीत नाव, वय, राहण्याचं ठिकाण सगळं आहे. नवरा तोच, मुलं तीच, पण आई मात्र 'सारा'! दुसरी बायको की काय, म्हणून आम्ही तासभर अडून बसलो. शेवटी मदतीला असलेल्या बाईंनी उलगडा केला: तिथल्या गेलिक भाषेतलं मूळ नाव 'मोर'. इंग्रजीत लिहिणारा कधी त्याचं मॅरियन करी, कधी सारा. सासूबाईंनी ते नाव दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. वयांवरही फार विसंबू नका, फुकट किंवा सवलतीत प्रवास मिळावा म्हणून मोठी माणसं वय कमी सांगत.

ठिकाणापुढे लिहिलं होतं: बोरेरेग.

ब्रॉडफर्डहून टॉरिनच्या रस्त्याला किलक्राइस्टचं पडकं चर्च लागतं. तिथून पायवाटेने बोरेरेगला आमच्या चालीने दोन तास लागले. घोट्यापर्यंतचे बूट घालाच, वाट चिखलाची आहे. पाणी, खाणं, रेनकोट बरोबर न्या, वाटेत दुकान नाही. उन्हाळ्यात मिजेस नावाचे बारीक किडे जीव नकोसा करतात, त्यावरचं मलम ठेवा.

सगळीकडे हेदरची तपकिरी झुडपं, आणि समुद्राशी एकदम हिरवंगार कुरण. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन अजून वेगळी दिसते. १८५३ मध्ये उरलेल्यांनाही घराबाहेर काढलं. छपरं गेली, दगडी भिंती कमरेएवढ्या उरल्यात, आत खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल माजलेली.

त्यांचं घर नेमकं कुठलं, हे कुठल्याच कागदात नव्हतं. सासूबाई एकेका दारातून आत जाऊन, थोडं थांबून, बाहेर येत राहिल्या. एकही घर त्यांनी सोडलं नाही.