पन्हाळा रोगलाईक: एक टक्क्याची अंगठी आणि कट्यारीचा डिले

‘पन्हाळा’ या आपल्या रोगलाईकच्या (पाळीपाळीने खेळायचा, दरवेळी नव्याने रचला जाणारा गेम) मागच्या बिल्डमध्ये गंगा कोठीपासून सरस्वती कोठीपर्यंत, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारांत, कट्यारवाले खेळाडू सगळ्यांना लोळवत होते, त्याचं मूळ अखेर सापडलं. संशय विषावर होता, पण खरी खोट भागाकारात निघाली.

जुनं सूत्र असं: मूळ डिले × १०० // (१०० + स्पीड), आणि एक टर्न म्हणजे १० टिक. डिले म्हणजे एका वारापासून पुढच्या वारापर्यंतचा वेळ, टिक हे वेळेचं सगळ्यात लहान माप. कट्यार ६ टिकांची. स्पीड १ टक्का झाला की उत्तर येतं ५.९४, // अपूर्णांक छाटून टाकतं, उरतात ५. म्हणजे स्पीड १ टक्का वाढवणाऱ्या तांब्याच्या अंगठीने ६० टर्नमध्ये १०० ऐवजी १२० वार. त्यानंतर २० टक्क्यांपर्यंत काडीचा फरक नाही, २१ ला एकदम ४. तीच अंगठी गुर्जाला (जड गदा) १६ वरून १५ वर आणते, फायदा सात टक्क्यांच्याही आत. हत्यार जितकं हलकं, तितकी फुकटची कमाई मोठी.

आधी जवळच्या पूर्णांकात गोळा करून पाहिलं. पायरी नुसती सरकली: ९ टक्क्यांपर्यंत अंगठी निकामी, १० ला तेच २० टक्के पदरात. मग डंजन क्रॉल या रोगलाईकसारखं फासे टाकून कधी वर, कधी खाली. सरासरी चोख येते, पण कट्यारीचा सगळा खेळ मोजण्यावर आहे. शत्रूच्या शिपायाची पाळी येण्याआधी दोन वार बसतील की एक, हे फाशांवर सोडलं तर मागे सरायचा निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा? शिवाय फासे लूट ठरवणाऱ्याच रँडम जनरेटरमधून घेतले तर एका जादा वारानेही त्या सीडची (जनरेटरचा सुरुवातीचा आकडा) पुढची लूट बदलते. ही वाट सोडली.

शेवटी टर्न १००० टिकांचा केला. कट्यार ६००, दांडपट्टा ९००, तलवार १०००, विटा (दोरी बांधलेला भाला) १४००, गुर्ज १६००. आता १ टक्क्याला ५९४, २० टक्क्यांना नेमके ५००. बदल करणाऱ्यांनी प्रत्येक जुना आकडा हुडकून काढावा. इथे विषाचा १० टिकांचा ठोका तसाच राहिला होता. एका टर्नमध्ये शंभरदा विष चढून खेळाडू जागीच आडवा. वेळ फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) ठेवायचा मोहही टाळा, दोन पाळ्या एकाच क्षणी येतात की नाही हे मग खात्रीने सांगता येत नाही. पाळ्यांच्या हीपमध्ये (सगळ्यात लहान नोंद आधी देणारी रांग) (वेळ, पक्ष, क्रम, पात्र) असा टपल, म्हणजे आकड्यांचा गट, ठेवा. पक्ष खेळाडूला ०, शत्रूला १, म्हणजे बरोबरीत खेळाडू आधी. क्रम म्हणजे दर नोंदीचा वेगळा आकडा, तो गाळला तर दोन शिपाई एकाच वेळेवर आले की पायथॉन पात्रांचीच तुलना करायला जातं आणि टाइपएरर देतं.

नवी अडचण: ५९४ ची कट्यार १००० च्या शिपायासमोर दोन, दोन, दोन, एक, दोन असे वार देते. तो ‘एक’ कधी येणार हे डोक्यात धरणं अवघड. म्हणून शत्रूच्या नावापुढे आकडा दाखवला: (शत्रूची वेळ − आत्ता) // डिले + १. २३७६ व्या टिकाला शिपायाची पाळी ३००० वर, आकडा २. ३५६४ ला पाळी ४००० वर, आकडा १. हा आकडा बघत खेळताना कट्यार पहिल्यांदाच हातात बसल्यासारखी वाटते.

विषाचा थोडा वाटा होताच. दर वाराला विष लागण्याची सरसकट २० टक्के शक्यता होती. आता ती मूळ डिलेच्या प्रमाणात, कट्यारीला १२, गुर्जाला ३२. स्पीडने घटलेला डिले इथे घ्यायचा नाही, नाहीतर अंगठीचा फायदाच पुसला जातो. चिलखत दर वारातून ३ कापतं, ते तसंच ठेवलंय. हलक्या हत्याराला तेवढी वेसण हवीच.

संदेशपट्टीत ‘कट्यार’ आता नीट जोडून उमटते. लिबटीकॉड या रोगलाईकसाठीच्या लायब्ररीचा कन्सोल एका चौकटीत एकच चिन्ह मांडतो, जोडाक्षरं त्याला झेपत नाहीत. ती ओळ पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडून चित्र करून घ्यावी लागते. नकाशासाठी मात्र लिबटीकॉडच बरं.

पुढचं काम विट्याच्या दोरीचं ठरलं होतं, पण आधी दांडपट्टा घ्यावा. मर्दानी खेळात पट्टा बघितलेल्यांना ठाऊक आहे, खोबळ्यात (पट्ट्याची हात झाकणारी लोखंडी मूठ) मनगट वळत नाही, वार खांद्यातून आणि अंगाच्या गिरकीतून येतो. एकदा फिरायला लागला की पुढचा वार आपसूक येतो. म्हणून पहिला वार ११००, सलग पुढचे ८००. पाऊल टाकलं किंवा हत्यार बदललं की परत ११००. तिसऱ्या वाराला हिशेब ९०० च्या बरोबरीत येतो, चौथ्यापासून नफा. यात नावापुढच्या आकड्याचं सूत्र मोडतं, कारण डिले दर वाराला एकसारखा राहत नाही. तिथे भागाकाराऐवजी वार एकेक करून मोजणारा लूप लावावा लागेल. विटा त्यानंतर.