पी-लहर उंच होते तेव्हा

फोंड्याला नर्स म्हणून काम करते. पिक लाइन, म्हणजे औषधं देण्याची लांब नळी, घालताना डॉक्टरांच्या मदतीला उभं राहणं मला मनापासून आवडतं. दंडातल्या बॅसिलिक शिरेतून बारीक, लांब नळी सरकवायची आणि तिचं टोक वरची महाशीर हृदयाला मिळते तिथे आणून थांबवायचं. दंडातली शीर सोनोग्राफीवर दिसते, पुढची वाट मात्र दिसत नाही. कधी नळी वळून मानेच्या शिरेत चढते.

छातीवर ठेवलेला सेन्सर नळीतल्या तारेचं चुंबकीय क्षेत्र टिपतो, त्यामुळे टोक मानेकडे वळलं की पडद्यावर लगेच कळतं. नेमकं कुठे थांबायचं ते तारेच्या टोकातून घेतलेला ईसीजी सांगतो. टोक सायनस नोडजवळ, म्हणजे ठोका जिथून सुरू होतो तिथे, येईल तशी पी-लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याची पहिली छोटी लहर, वाढत जाते. ती सगळ्यात उंच झाली की बस्स. आणखी आत गेलं तर लहरीची सुरुवात खाली झुकते, मग नळी जरा मागे घ्यायची.

परवा पेडण्याच्या एका मावशींना केमोसाठी लाइन घातली. उजवा हात पसरलेला, मान उजवीकडे, हनुवटी खांद्याशी. अशाने मानेची वाट दबते. मावशी तशाच पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बाय, ती रेघ माझीच काय गो?"

"होय मावशी, तुमच्याच काळजाची."

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असलं तर मात्र पी-लहरच नसते. तिथे छातीचा एक्स-रेच हवा. म्हणून लाइन घालण्याआधी साधा ईसीजी मी प्रत्येकाचा काढून घेतेच.