झाड नं. 4 : वारस नव्हे, मेडशिंगीही नव्हे

काल रात्री साडेदहाला घराजवळच्या अनोळखी झाड नं. 4 चं कुळ (वनस्पतींचं घराणं) सापडलं! मागच्या नोंदीत मी ते वारस नावाचं झाड आहे असं लिहिलं होतं, ते खोडा.

सिंहगड पायथ्याच्या या घरात आलो तेव्हा पावसाळा होता, हाताशी नुसती पानं. समोरासमोर संयुक्त पानं, म्हणजे एका देठावर सात पर्णिका (छोटी पानं), टोकाला एक सुटी. एवढ्यावर वारस, मेडशिंगी, पाडळ, या झाडांचं सगळं बिग्नोनिएसी कुळच डोळ्यांसमोर येतं. नर्सरीवाला छातीठोकपणे मेडशिंगी म्हणाला. फोनवरचं ॲप फोटोचा कोन बदलला की नाव बदलायचं. नुसत्या पानांवरून ओळख पटवायला त्याचा काही उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात झाड फुललं आणि सगळं बिनसलं. वारसचं फूल चांगलं मोठं, घंटेसारखं. इथे झुपक्यांत बारकी फुलं, नळी जेमतेम सेंटीमीटरभर. सकाळी सडा पडलेला असायचा, पण फुलं मलूल, चिकटलेली. चार दिवस 10एक्स भिंगाखाली तीच उकलत बसलो. बिग्नोनिएसी म्हणजे बहुधा चार पुंकेसर हवेत. कधी एक दिसायचा, कधी दोन. बाकीचे झडले असतील, असं धरून चाललो होतो.

काल जेवणानंतर गच्चीत गेलो तर गोड वास. फूल रात्री उमलतंय आणि मी सकाळी बघतोय! आकडीने फांदी ओढली. पांढरट फूल, सहा पाकळ्या, त्यांवर किसलेला गूळ भुरभुरावा तसे तपकिरी ठिपके. ब्लेडने नळी उभी चिरली. पुंकेसर दोन. अकरा फुलं चिरली, अकराही फुलांत दोनच. मग कुंडीतला एकेरी मोगरा चिरला, त्यातही दोन. म्हणजे मोगरा, जुई, पारिजातक यांचं कुळ, ओलिएसी. आणि त्यात अशा संयुक्त पानांचा आपल्या पानगळीच्या रानातला वृक्ष म्हणजे मोखा. शास्त्रीय नाव श्रेबेरा स्विटेनिऑइडिस. सुश्रुताच्या क्षारातला (राखेपासून केलेल्या औषधातला) मुष्कक तो हाच, असं मानतात. रात्री एकपर्यंत झोप आली नाही.

आता फळं धरेपर्यंत थांबून मग पक्कं करायचं ठरवलं होतं. पण नाव लिहितानाच लक्षात आलं, स्विटेनिऑइडिस म्हणजे महोगनीसारखा. जूनमध्ये याच झाडाखाली एक लाकडी शकल सापडलं होतं, ते शेजारच्या महोगनीचं समजून मी खोक्यात टाकलं होतं. आत्ता काढून आणलंय. पेरूच्या उभ्या अर्ध्या फोडीएवढं, नाशपातीच्या आकाराचं, बरोबर अर्धं. महोगनीचं बोंड पाच शकलांत उकलतं, मोख्याचं दोन. पुरावा नऊ महिने घरातच होता!

त्यामुळे बेत बदलला. हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) एकच फांदी दाबणार, बाकी सगळं लक्ष बियांवर. बी पंखाचं, बोंड तडकलं की वाऱ्यावर जाणार. खालच्या दोन झुपक्यांना लाल सुतळी बांधलीय, फळं धरली की मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या चढवतो. ज्यांच्याकडे मोखा आहे त्यांनी बोंडं कोणत्या महिन्यात तडकतात ते कळवा, म्हणजे पिशव्या वेळेत शिवून होतील.