नाण्यावरच्या बारीक रेषा आणि टंगस्टन

गेले काही दिवस 10 पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून बसतोय, समोर सोन्याची नाणी, बुलियनवाली, म्हणजे ज्यांची किंमत मुळात आतल्या सोन्यावर ठरते ती. सुरुवात झाली कॅनडाच्या मेपल लीफपासून. त्यावरचं मोठं पान सगळ्यांनाच दिसतं पण मोकळ्या जागेत टिंबाएवढी एक खूण आहे, ती भिंगातून बघितली की आणखी एक छोटंसं पान आणि त्या पानाच्या पोटात वर्षाचे शेवटचे दोन आकडे! लेझरचं काम. सोन्याच्या नाण्यावर हे 2013 पासून आलं, आणि 2015 पासून मागे किरणांसारख्या बारीक रेषाही आल्या. पहिल्यांदा ते आकडे दिसले तेव्हा मी खरंच कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आता एवढा खटाटोप कशाला, तर टंगस्टन, नकली नाण्यांच्या आत भरला जाणारा धातू. सोन्याची घनता 19.3 (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) आणि टंगस्टनची 19.25, फरक जवळजवळ नाहीच. शिसं 11.3, चांदी साडेदहा, तांबं 9 च्या आसपास, त्यामुळे यातलं काही आत भरलं तर नाणं एकतर वजनाला कमी भरतं नाहीतर जाड होतं, लगेच पकडलं जातं. पण टंगस्टनवर सोन्याचा थर दिला की वजन जुळतं, व्यास जुळतो, जाडी जुळते, पाण्यात टांगून वजन केलं तरी तोच आकडा. एक्स-रेने धातू ओळखणारं ते एक्सआरएफ मशीन पण वरचा पातळ थरच वाचतं आणि कसोटीचा दगडही तेवढंच सांगतो. मला एकाने मशीनचा रिपोर्ट दाखवून विषय संपवला होता, तेव्हा हे माहीत नव्हतं म्हणून गप्प बसलो, आज बसलो नसतो.

पण टंगस्टनची गोची अशी की तो कडक आणि ठिसूळ, वितळतो 3422 अंशाला. सोनं मऊ, साच्याचा दाब बसला की केसासारखी रेषसुद्धा उचलतं. आत टंगस्टनची चकती असेल तर वरचा पातळ थर तसा वाहत नाही, कडा बोथट येतात. म्हणजे जे पाणी आणि तराजू पकडू शकत नाहीत ते या रेषा पकडतात, आणि म्हणूनच मला त्या नुसती सजावट वाटत नाहीत.

यात सगळ्यात आवडलेलं नाणं ब्रिटनचं ब्रिटानिया, 2021 पासूनचं. हातात धरून हळूच तिरकं केलं की त्रिशूळाच्या जागी कुलूप दिसतं, परत फिरवलं की त्रिशूळ, मागच्या लाटा हलल्यासारख्या वाटतात आणि कडेने बारीक अक्षरांत लॅटिन वाक्य आहे, डेकस एट टुटामेन, म्हणजे शोभा आणि संरक्षण. हेच शब्द इंग्लंडने 1660 च्या दशकात नाण्यांच्या कडेवर घातले होते, कारण तेव्हा लोक कडा कातरून धातू चोरायचे, कातरलं की अक्षरं जाणार आणि चोरी दिसणार. साडेतीनशे वर्षांनी तेच शब्द परत त्याच कामाला लावलेत, काय सुंदर!

कॅनडावाल्यांची आणखी एक सोय आहे, बुलियन डीएनए, म्हणजे नाण्यावरच्या खुणेची नोंद टांकसाळीकडे असते आणि डीलर आपल्याकडच्या यंत्रावर ती जुळवतो. भारी आहे, पण यंत्र डीलरकडे. ज्याचं नाणं त्याला स्वतःच्या डोळ्याने तपासता आलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे माझी पसंती भिंगाला आणि तिरकं करून बघण्याला.

जुन्या नाण्यांवर यातलं काही नसतं, दक्षिण आफ्रिकेच्या, 1967 पासूनच्या क्रुगरँडचंच घ्या. तिथे वजन, जाडी, आवाज (सोनं वाजवलं की बराच वेळ किणकिणतं) आणि जमलं तर विद्युतवाहकता, ती टंगस्टनची शुद्ध सोन्याच्या निम्म्याहून कमी. फक्त एक लक्षात ठेवा, क्रुगरँड 22 कॅरेटचं आहे, वजन 33.93 ग्रॅम, त्यात तांबं असतं, म्हणून पाण्यातल्या टेस्टला घनता 17.6 च्या आसपास येते. 19.3 आली नाही म्हणून घाबरू नका, उलट त्या नाण्याची 19.3 आली तर संशय घ्या.