दुकानदाराची घडी

माझं पहिलं स्किट चौदा पानांचं होतं. टीव्हीवर एका स्किटला आठ-दहा मिनिटं मिळतात आणि हाताने लिहिलेलं एक पान बोलायला साधारण मिनिटभर लागतं, हे गणित मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. रीडिंगला सगळे गोल बसले, मी वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं. तो काही बोलला नाही. वाचून झाल्यावर कुणीच हसलेलं नव्हतं. टेबलावरचा चहा गार झाला होता, एवढं लक्षात आहे.

मी कुडाळचा. मामा दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधल्या रात्रभराच्या पौराणिक नाटकांत, स्त्रीपार्टी करायचा, म्हणजे बायकांच्या भूमिका. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कुठला पार्ट करणार ते ठरतं आणि रात्री जत्रेत मृदंग-झांज सुरू झाली की नट उभ्या उभ्या बोलतो. लहानपणी मी पडद्याच्या कडेला बसून हे बघायचो. राजा भलतंच बोलून गेला तरी मामा ते उचलून पुढे न्यायचा आणि लोक जागेवर उडायचे. अभिनयाचं माझं शिक्षण तिथे झालं. लिहिण्याचं मात्र अजिबात झालं नव्हतं.

मुंबईत आलो तो एकांकिकांसाठी. कॉलेजची तालीम, लोकलचा पास, चतुरंग संस्थेच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेला 25 जानेवारीची अख्खी रात्र जागून बघितलेल्या एकांकिका, यात चार-पाच वर्षं गेली. मग 2014 साली झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं, 2018 मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली आणि आमच्यासारख्यांचं जगच बदललं. दर आठवड्याला नवीन स्किटं लागायला लागली. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखी माणसं स्वतः लिहितात आणि स्वतः करतात, हे प्रेक्षकांना कळलं. त्याआधी विनोद लिहिणाऱ्याचं नाव घरी कुणाला माहीत असायचं? मला संधी मिळाली ती याच लाटेत आलेल्या दुसऱ्या एका छोट्या कार्यक्रमात. काम दोन्ही, लिहायचं आणि करायचं.

पुढची सात-आठ स्किटं पडली. पडली म्हणजे शूटपर्यंत गेलीच नाहीत. मंगळवारी कल्पना सांगायची, ती चॅनलने मान्य करायची, गुरुवारी रीडिंग, शुक्रवारी उभी तालीम, शनिवारी शूट. माझी गाडी गुरुवारी अडायची. पंच, म्हणजे हशा काढणारी वाक्यं होती, त्यांची तयारीही होती. पण माझ्याच वाट्याला चांगली वाक्यं ठेवायची मला सवय लागली होती. लिहिताना मनातला नट कागदावर येऊन बसायचा. समोरच्याला मी ‘हो का?’, ‘म्हणजे?’, ‘मग काय झालं?’ एवढंच द्यायचो.

बस्त्याच्या खरेदीचं स्किट लिहिलं तेव्हा हे सुटलं. नवरीचा मामा साड्यांच्या दुकानात येतो, असं ते होतं. मामा मी. माझं एक वाक्य होतं, “साधी दाखवा, पण साधी दिसता कामा नये.” त्यावर मला स्वतःलाच खूप भरवसा होता. रीडिंगला त्यावर जेमतेम एक फुसकं हसू आलं. ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ नटाने मला बाहेर जिन्यात नेलं. म्हणाले, “वाक्य छान आहे रे. पण ते ऐकून दुकानदार काय करतो, ते तू लिहिलंच नाहीस. लोक मामाकडे बघून हसणार नाहीत, दुकानदाराकडे बघून हसतील.”

त्या रात्री डोंबिवलीच्या खोलीवर मी दुकानदाराचे सगळे संवाद काढून टाकले. त्याच्या हातात फक्त साडी ठेवली. मामा म्हणतो, “साधी दाखवा, पण साधी दिसता कामा नये.” दुकानदार मामाकडे बघतो. पसरलेली साडी उचलतो, काठाला काठ लावतो, हनुवटीखाली धरतो, तळहाताने घडी दाबतो आणि थप्पीवर ठेवतो. पुढची काढतो. मामा म्हणतो, “ती नको, तिच्या खालची.” पुन्हा पूर्ण घडी. पाचव्या वेळी मामाने तोंड उघडायच्या आतच तो घडी घालायला लागतो. सातव्या वेळी मामा म्हणतो, “ही पक्की!” आणि दुकानदार सवयीने तीही घडी घालून थप्पीत ठेवून देतो. आता ती कुठली, हे दोघांनाही सापडत नाही.

शनिवारी मीरा रोडच्या फ्लोरवर दुकानदार करणाऱ्या माझ्या मित्राने सहाव्या घडीला नुसता श्वास सोडला. प्रेक्षकांतला हशा इतका लांबला की माझं पुढचं वाक्य मी दोनदा गिळलं. उभं राहून वाट बघायची, हे मला त्या दिवशी जमलं. माझा मामा जत्रेत तेच करायचा, समोरच्याचं ऐकायचा. मला ते कागदावर उतरवायला सहा वर्षं लागली.

2020 च्या मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं. पुन्हा उभे राहिलो तेव्हा समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि हशा नव्हता. तेव्हा मोजमाप एकच उरलं, समोरच्या नटाचे डोळे. मला वाटतं माझं सगळ्यात चांगलं लेखन त्याच दिवसांतलं आहे.

पैशांबद्दलही लिहायला हवं, कारण नवीन मुलं हेच विचारतात. बिल लावल्यावर नव्वद दिवसांनी पैसे येतात, त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापलेला असतो. तीन महिन्यांचं घरभाडं बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. दशावतारी नटांबद्दल आमच्याकडे म्हणतात, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. ते मला पहिल्या वर्षी चांगलंच कळलं. एका ठिकाणी मी ऐकवलेलं स्किट नंतर माझ्या नावाशिवाय झालं, तेव्हा माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या लिहिलेल्या मांडणीवर असतो. म्हणून आता आधी पूर्ण लिहितो, स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवतो आणि मगच ऐकवतो. पूर्वी अंधेरीला जाऊन पानापानावर शिक्का मारून घ्यावा लागायचा, आता ते ऑनलाइन होतं. करारात लेखक आणि कलाकार हे दोन वेगळे मोबदले लिहून घ्या. एकात दुसरं धरलं की लेखनच फुकट जातं.

बस्त्याचं स्किट टीव्हीवर लागलं त्या रात्री माझ्या मामाचा फोन आला. आता तो पंच्याहत्तरीचा आहे, गुडघे गेलेत, जत्रेला खुर्ची टाकून बसतो. म्हणाला, “तुझा काम बरा झाला. पण तो साडयेची घडी घालणारो कोण रे? तेका परत घे.”

पुढच्याच आठवड्यात घेतला. एसटीचा कंडक्टर, तीन वाक्यं, आणि हातात सुट्ट्या पैशांची पिशवी.