दहा सेकंदांत तेरा

काडेपेटीहून जरा मोठी डबी. एका बाजूने फोन जोडायचा, दुसऱ्या बाजूला हेडफोन. फोनमधून आकडे येतात, डबी त्यांचा आवाज करते. तिला डॅक म्हणतात. डबीवर बोटभर पडदा आहे आणि आत येणाऱ्या आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने आहेत, ते त्यावर दिसतं. सीडीचा आवाज असेल तर 44.1. मला हवे होते 96. अ‍ॅपमध्ये गाण्याखाली तसं लिहिलं होतं आणि महिन्याचे पैसेही त्याचेच जात होते.

पहिल्या दिवशी पडदा उजळला, पण गाणं वाजलं फोनच्याच स्पीकरवर. भाच्याला फोन लावला.

"मामा, वायर कुठली लावलीयेस?"

"ड्रॉवरमधली."

"मग ती नुसती चार्जिंगची असेल. तिच्यातून वीज जाते, गाणं नाही जात."

ड्रॉवरमध्ये अशा नऊ वायरी निघाल्या. आत कुणाला दोन तारा, कुणाला चार, आणि बाहेरून सगळ्या सख्ख्या बहिणी.

वायर बदलल्यावर आवाज डबीतून आला. आकडा 48. दुसरं गाणं लावलं, 48. सीडीच्या दर्जाचं लावलं तरी 48च. भाच्याकडून कळलं ते असं: गाणं, मेसेजची टिंगटिंग, अलार्म, सगळं फोन एकाच पातेल्यात ढवळतो, आणि ढवळता यावं म्हणून सगळ्यांना आधी एकाच मापाचं करून घेतो. पातेलं टाळून गाणं जसंच्या तसं डबीत सोडायची सोय अँड्रॉइड 14 पासून आहे, पण ती अ‍ॅपनेही वापरावी लागते. माझं वापरत नव्हतं. दुसरं अ‍ॅप घेतलं. त्यात डेटा वाचवण्याचं बटण आधीपासूनच चालू होतं. हे मात्र माझं मला सापडलं, भाच्याला नाही. नोंद असावी.

96 उमटले! प्रत्येक नमुना 24 बिटांचा, म्हणजे 24 शून्य-एकांचा, म्हणजे दोन्ही कानांचे मिळून सेकंदाला 46 लाख बिट. पहिली दोन गाणी मी पडद्याकडे टक लावून नुसती पाहिली. कोणती होती ते आता आठवत नाही.

मग केसरबाई केरकर लावल्या. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं. (1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर परग्रहावरच्या कुणासाठी जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावरही केसरबाईंची 'जात कहाँ हो' आहे. सोबत सुई दिली आहे आणि झाकणावर तबकडी कशी वाजवायची त्याचं चित्र कोरलं आहे. तिकडच्या मंडळींना भाचा लागणार नाही.) आलाप नुकता कुठे वर चढत होता, आणि कट. कट. कट.

पुन्हा वायर बदलली. राउटरच्या मांडीला मांडी लावून बसलो. बफर, म्हणजे गाणं थोडं आधीच साठवून ठेवायची जागा, वाढवला. शेवटी गाणं फोनमध्येच उतरवून घेतलं आणि नेट बंद केलं. तरी कट, कट.

"दर वेळी त्याच जागी येतो?" भाच्याने विचारलं.

"त्याच जागी."

"आणि सारखा येतो की कसाही?"

हे मी ऐकलंच नव्हतं. पुन्हा लावलं, या वेळी घड्याळ हातात घेऊन. नेटवरून येणारा आवाज अडखळला तर मन मानेल तसा अडखळतो, त्याला लय नसते. हा लयीत होता, अगदी ठेका धरून. दहा सेकंदांत तेरा.

तेरा सक अठ्ठ्याहत्तर. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, फेरीला एकदा सुईखाली येणारा ओरखडा. कधीतरी कुणाच्या तरी हातून ती निसटली असणार, आणि ते निसटणं 24 बिटांत, 96 ने, एकही नमुना न गळता माझ्या कानापर्यंत पोचलं होतं.

भाच्याला कळवलं.

"म्हणजे मामा," तो म्हणाला, "डॅक एकदम ओके आहे."